फोनवरच्या फॅनआर्टपासून टीशर्टपर्यंत: शंकासुराचं चित्र व्हेक्टर करून छापायला कसं द्यायचं

शिमगा जवळ आला की दापोली-गुहागरपासून खाली कुडाळ-सावंतवाडीपर्यंत कुठल्याही वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी पोरगं असतंच ज्याने आयबिस पेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये बोटाने शंकासुर (शिमग्यातलं काळ्या अंगरख्याचं, पांढऱ्या दाढीचं सोंग) काढलेला असतो, नाहीतर दशावतारातल्या आवडत्या राजपार्टवाल्याचं, म्हणजे राजाची भूमिका करणाऱ्याचं, चित्र केलेलं असतं, आणि खरंच भारी केलेलं असतं. ग्रुपवर अंगठे पडतात, कोणीतरी म्हणतो याचे टीशर्ट काढूया, पैसे गोळा होतात, चित्र प्रिंटरकडे जातं, तो दोन बोटांनी झूम करून बघतो आणि म्हणतो, "झिला, ह्या चलाचा नाय, माका कोरल फाईल होयी." इथे गाडी अडते.

कोरल हे प्रिंटरकडचं डिझाईनचं सॉफ्टवेअर, आणि त्याची फाईल हवी म्हणजे त्याला व्हेक्टर हवंय. फोनवरचं चित्र पिक्सेलचं असतं, रंगीत चौकोनांचं. इन्स्टावर टाकायला म्हणून १०८० पिक्सेल रुंद कॅनव्हास घेतला असेल तर छपाईच्या नेहमीच्या ३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) हिशोबाने ते चित्र फक्त ३.६ इंच रुंद छापता येतं. टीशर्टच्या छातीवर साधारण ११ इंच लागतं, तेवढं ताणलं की शंभराच्याही खाली डीपीआय येतो आणि दाढीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसायला लागतात. व्हेक्टरमध्ये चौकोन नसतात, रेघ कुठून सुरू होते, कशी वळते, आत कुठला रंग भरलाय एवढंच फाईलमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळे तेच चित्र बॅजवर टाका नाहीतर देवळासमोरच्या कमानीवर, कड तशीच धारदार राहते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. नेटवर सगळे ट्रेसचं, म्हणजे पिक्सेलच्या चित्राचं आपोआप व्हेक्टर करणारं, बटण कुठे आहे ते दाखवतात, पण ते बटण दाबणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. चित्र कशावर छापणार आणि किती रंगात, हे ठरवल्याशिवाय ट्रेस केलं की नंतर सगळं परत करायला लागतं.

आधी प्रिंटरकडे जा, मग लॅपटॉप उघडा

स्क्रीन प्रिंटिंग असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, म्हणजे शाई गाळायची जाळी, लागते, म्हणजे पाच रंग म्हणजे पाच फ्रेम, पाच फिल्म आणि पाच वेळा शाईची रबरी पट्टी (स्क्विजी) ओढणं. वाडीचे पन्नास-शंभर शर्ट एकाच डिझाईनचे असतील तर हेच परवडतं आणि रंग धुण्याला टिकतो, पण रंग दोन-तीनच ठेवा. पाच-दहा शर्टच हवे असतील तर डीटीएफ बघा, त्यात चित्र आधी फिल्मवर छापतात, वर पावडर टाकून तापवतात आणि मग हीटप्रेसने शर्टावर दाबतात. रंग कितीही चालतात, फ्रेमचा खर्च नाही. सब्लिमेशन हे पॉलिस्टरसाठी, म्हणजे क्रिकेट टूर्नामेंटच्या जर्सी आणि कोटिंगवाले चहाचे मग. त्यात पांढरा रंग छापला जात नाही, कापडाचा पांढरा तोच पांढरा, म्हणून काळ्या कापडावर सब्लिमेशन हा विषयच नाही. आणि मग आपला रेडियमवाला, जो रिक्षावर, बुलेटवर आणि होडीच्या केबिनवर नावं लावतो, त्याचा प्लॉटर रंग छापत नाही, ब्लेडने रंगीत व्हिनाईल कापतो. त्याला व्हेक्टरशिवाय दुसरं काही चालतच नाही.

फ्लेक्स सोडून द्या. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, ७२ ते १०० डीपीआयला छान निघतो, चित्र बऱ्यापैकी मोठं असेल तर तसंच दिलं तरी चालतं.

आणि प्रत्येक चित्र व्हेक्टर करायलाच पाहिजे असंही नाही. तुमचं चित्र जलरंगासारखं असेल, मऊ सावल्या, राजाच्या मुकुटावर सोन्याची झळाळी, मागे धुकं, तर त्याचं व्हेक्टर करायला जाऊ नका, त्याची मजा जाते आणि फाईल इतकी जड होते की प्रिंटरचं मशीन गपकन बसतं. ते चित्र मोठ्या कॅनव्हासवर नीट पूर्ण करा, पारदर्शक पीएनजी ३०० डीपीआयला काढा आणि डीटीएफला द्या. व्हेक्टर त्याच चित्राचं करा ज्यात ठळक रेघ आणि सपाट रंग आहेत, किंवा तसे करता येतील.

प्रिंटरला विचारायचं एवढंच: छापील साईज जास्तीत जास्त किती, रंग किती घेणार, रेघ कमीत कमी किती जाड पाहिजे, फाईल कुठली आणि कोरलचं व्हर्जन कुठलं. पाच मिनिटांचं काम आहे, फोनवर करा. आणि गणपतीच्या किंवा शिमग्याच्या आदल्या आठवड्यात करू नका, तेव्हा तो फोन उचलणार नाही.

चित्र कोणाचं आहे ते बघा

शंकासुर, गोमू, दशावतारातले देव-दानव ही लोकपरंपरा, कोणा एकाची मालकी नाही, खुशाल काढा. पण एखाद्या खऱ्या कलावंताचा चेहरा ओळखू येईल असा काढून विकणार असाल तर त्यांना आधी विचारा, आपलेच लोक आहेत, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि वर एक टीशर्ट मागतात. सिनेमातलं, ॲनिमेमधलं किंवा गेममधलं पात्र असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात स्वतःच्या खाजगी वापरासाठी थोडी सूट आहे, पण शर्ट छापून विकणं त्यात बसत नाही, त्याला हक्कवाल्याची परवानगी लागते. टीमचे लोगो तर ट्रेडमार्क असतात. कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणून राजा रविवर्म्याची चित्रं (ते १९०६ ला गेले) आज कोणीही वापरू शकतो. पिंटरेस्टवरून दुसऱ्याचं चित्र उचलून ट्रेस करणं हे फॅनआर्ट नाही, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

फोनमधून चित्र बाहेर काढताना

इथेच निम्मी वाट लागते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान होतं आणि रेघेच्या बाजूला कचरा येतो, ते करड्या रंगाचे ठिपके, जे नंतर ट्रेसमध्ये शेकडो बारीक तुकडे होऊन बसतात. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर केबल लावून सरळ लॅपटॉपवर घ्या. जेपीजी नको, पीएनजी पाहिजे.

सगळ्यात कामाची गोष्ट: रेघांचा लेअर आणि रंगांचा लेअर वेगवेगळे एक्सपोर्ट करा. आयबिस असो, प्रोक्रिएट असो नाहीतर क्रिता, रंगाचे लेअर बंद करून, मागे पांढरा ठेवून फक्त काळ्या रेघांचं एक पीएनजी काढा, मग रेघा बंद करून फक्त रंगांचं दुसरं. कॅनव्हासला हात लावू नका, म्हणजे दोन्ही फाईल एकमेकांवर बरोबर बसतील. सगळं एकत्र ट्रेस केलं की रेघ आणि रंग यांच्या मधे तिसराच मळकट रंग तयार होतो, तो नंतर हाताने वेचत बसावं लागतं.

चित्र अजून काढायचंच असेल तर सुरुवातीलाच ३६०० बाय ३६०० पिक्सेलचा कॅनव्हास घ्या, ३०० डीपीआयला बरोबर १२ इंच. फोन रडत असेल तर लेअर कमी ठेवा. आणि रेघेचा ब्रश कडक घ्या, पेन्सिलसारखा खरखरीत नको. जुनं लहान चित्रच हातात असेल तर ट्रेस करायच्या आधी क्रितामध्ये किंवा गिम्पमध्ये दुप्पट-चौपट मोठं करा. तपशील वाढत नाही, पण कडा गुळगुळीत ट्रेस होतात. एआयने मोठं करणारी ॲप मी चेहऱ्यासाठी वापरत नाही, ती डोळे स्वतःच्या मनाने बदलतात आणि तुमचा शंकासुर भलताच कोणीतरी होतो.

रंग कमी करा, आणि ते तुमच्या हाताने करा

इथे सावंतवाडीच्या गंजिफाकडे बघा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकाची बारा पानं, आणि एवढ्याशा गोल पानावर देव कसा बसवलाय बघा: सपाट रंग, त्यावर ठाम रेघ, सावली जवळपास नाहीच, तरी कोण आहे ते लगेच कळतं. छपाईसाठी चित्र सोपं कसं करायचं याचं याहून चांगलं पुस्तक आपल्या भागात नाही, आणि ते राजवाड्यात जाऊन बघता येतं.

तर तुमच्या शंकासुराचा काळा अंगरखा, त्यावर तुम्ही निळसर चमक दिलीय, दाढीला तीन प्रकारचा करडा, टोपीला लाल आणि त्यात गडद लाल. मोजून बघा, सात-आठ रंग झाले. आता ठरवा कुठले ठेवायचे. माझा नियम असा, की ज्या सावलीने आकार कळतो ती ठेवायची, नुसती छान दिसणारी काढायची. टोपीच्या घडीची सावली ठेवली पण वेगळा लाल न देता काळ्याच रेघांनी, जवळजवळ तिरक्या रेघा मारून. दाढीचे करडे काढून टाकले, पांढऱ्यातच काळ्या फटी ठेवल्या. निळसर चमक गेली. उरले काळा, पांढरा, लाल.

हे सगळं ट्रेसच्या आधी, पेंटिंग ॲपमध्येच करा. सॉफ्टवेअरला तीन रंग कर म्हटलं तर तो हिशोब करून तीन रंग निवडतो, त्याला काय माहीत की डोळ्यातला लाल ठिपका दाढीच्या करड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

रेघांचं ट्रेसिंग

मी इंकस्केप वापरतो कारण ते फुकट आहे, आणि विंडोजसाठी त्याचं इन्स्टॉल न करता चालणारं पॅकेजही मिळतं, म्हणजे कॉलेजच्या नाहीतर मित्राच्या मशीनवर पेनड्राइव्हवरून काम होतं. तुमच्याकडे कोरल किंवा इलस्ट्रेटर असेल तर त्यातही हेच आहे, कोरलमध्ये पॉवरट्रेस, इलस्ट्रेटरमध्ये इमेज ट्रेस, आणि त्यात शेवटी एक्स्पांड दाबायला विसरू नका नाहीतर पाथ (व्हेक्टरच्या रेघा) बनतच नाहीत.

रेघांचं पीएनजी इम्पोर्ट करा, ते सिलेक्ट करा, पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप, किंवा शिफ्ट ऑल्ट बी. सिंगल स्कॅन, ब्राइटनेस कटऑफ. हा कटऑफ म्हणजे किती करड्याला काळं समजायचं ते. ०.४५ च्या आसपास सुरू करा, रेघा तुटत असतील तर वाढवा, दाढीच्या फटी बुजत असतील तर कमी करा. खाली तीन गोष्टी दिसतील. स्पेकल्स वाढवलं की बारीक ठिपके गायब होतात, पण सांभाळून, डोळ्यातली बाहुलीही ठिपकाच असते. स्मूथ कॉर्नर्स जास्त केलं की सगळे कोपरे गोल होतात, शंकासुराच्या टोपीचं टोक साबणासारखं झिजलेलं दिसायला लागतं, ते कमी ठेवा. ऑप्टिमाइज जास्त केलं की नोड, म्हणजे रेघेवरचे वळणबिंदू, कमी होतात. आतमध्ये हे सगळं पोट्रेस नावाचा प्रोग्राम करतो, पीटर सेलिंगर यांनी लिहिलेला, आणि काळ्या-पांढऱ्यात त्याच्या तोडीचं मला तरी दुसरं मिळालेलं नाही.

ट्रेस झालेला आकार मूळ चित्राच्या बरोबर वर बसतो, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही. बाजूला सरकवून बघा. मग कंट्रोल ५ दाबून आउटलाइन व्ह्यूमध्ये जा, आता खरं चित्र दिसेल.

सेंटरलाइन ट्रेसिंग म्हणून एक पर्याय आहे, तो रेघेच्या मधोमध एकच पाथ काढतो. ऐकायला छान वाटतं पण ब्रशची जाडबारीक लय मरते, सगळी रेघ एका जाडीची होते. नकाशाला वगैरे ठीक आहे, माणसाच्या चेहऱ्याला नको.

चेहरा हाताने

इथे वेळ घाला, बाकी कुठे कमी घातला तरी चालेल. कपडे, घुंगरू, दाढीचं टोक यात ट्रेसची थोडी थरथर खपून जाते, उलट हाताने काढल्यासारखी वाटते. पण डोळे, नाक, ओठ यात एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की भाव बदलतो.

डोळ्याचंच घ्या. ट्रेसने दिलेल्या वरच्या पापणीवर नोड टूल, म्हणजे एन दाबून, क्लिक करा. तीसेक नोड दिसतील, कुठे दोन एकमेकांना चिकटलेले. कंट्रोल एल म्हणजे सिंप्लिफाय दाबला तर कमी होतात, आणि भराभर दाबत राहिलात तर प्रत्येक वेळी जास्त जोराने कमी होतात, मग डोळ्याचं बटण होतं. त्यामुळे सिंप्लिफाय सगळ्या चित्राला एकदम लावूच नका, फक्त कपड्यांच्या मोठ्या आकारांना लावा. पापणीचा पाथ सरळ डिलीट करा. मूळ चित्र खाली ठेवून त्याची ओपॅसिटी निम्मी करा, लेअर लॉक करा आणि वर पेन टूल, बी दाबून, नव्याने काढा.

पेन टूलची भीती वाटते कारण लोक फार नोड टाकतात. वळण जिथे सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतं तिथेच नोड टाका आणि त्यातून निघणारी दांडी, म्हणजे हँडल, आडवी किंवा उभी ओढा. आख्ख्या वर्तुळाला चार नोड पुरतात, मग पापणीला तीस कशाला? आतल्या कोपऱ्यात एक टोकदार नोड, कमानीच्या माथ्यावर एक स्मूथ, बाहेरच्या कोपऱ्यात एक टोकदार, तिथून परत फिरून खालच्या बाजूने मधे एक, आणि बंद. चार नोडात पापणी झाली, आणि मधे जाड, टोकाला बारीक अशी, कारण ती रेघ न राहता भरलेला आकार आहे. कमान चुकली तर एकच हँडल ओढायचं.

दोन्ही डोळे कॉपी करून आरशासारखे लावायचा मोह होतो. नको. मुखवटा चढवल्यासारखं निर्जीव दिसतं, दुसरा डोळाही हातानेच काढा.

रंगांचे आकार

आता रंगांचं दुसरं पीएनजी. यावेळी मल्टिकलर टॅब, कलर्स, आणि स्कॅनच्या जागी जेवढे रंग आहेत तेवढा आकडा, मागचा पांढरा धरून. स्टॅक चालू ठेवा. स्टॅक चालू असलं की वरचा रंग खालच्यावर बसतो, मधे फट राहत नाही. बंद केलं की तुकडे शेजारी शेजारी लागतात आणि मधून केसासारखी पांढरी रेघ दिसते, स्क्रीनवर कदाचित दिसणारही नाही, छापल्यावर नक्की दिसते.

खरं तर सपाट रंगाचे चार-पाच मोठे आकार असतील तर ट्रेसही नको, पेनने काढलेले बरे. काळ्या रेघेच्या मध्यापर्यंत रंग आत घुसवायचा, कडेला बरोब्बर थांबवायचा नाही. म्हणजे छापताना फ्रेम केसभर सरकली तरी काळ्या रेघेखाली ते लपतं. याला ट्रॅपिंग म्हणतात आणि हाताने रंग भरताना ते आपोआप होतं, ऑटो ट्रेसमध्ये होत नाही.

सगळं झालं की एडिट मेनूत सिलेक्ट सेममधून एकेका रंगाचं सगळं उचला आणि प्रत्येकाचा वेगळा लेअर करा, नाव द्या: काळा, पांढरा, लाल. उचलताना लक्षात येईल की लाल म्हणून तीन वेगवेगळे लाल आहेत, डोळ्याला सारखे पण आकड्यात वेगळे. सगळ्यांना एकच आकडा द्या. पाच मिनिटं लागतात पण हे राहिलं तर प्रिंटर तीन फ्रेमचे पैसे लावेल, आणि त्याचं काही चूक नाही.

गावाचं नाव आणि मराठी अक्षरं

चित्राखाली "शिमगो" किंवा वाडीचं नाव पाहिजेच असतं. तुमच्या मशीनवर युनिकोड फॉन्टमध्ये छान दिसणारं नाव प्रिंटरच्या जुन्या कोरलमध्ये उघडलं की वेलांटी पलीकडे उडते, रफार सुटतो, जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त दिसायला लागतं. फॉन्टच नसेल तर नुसत्या चौकटी. म्हणून फाईल देताना अक्षरं अक्षरं म्हणून ठेवायचीच नाहीत. इंकस्केपमध्ये शिफ्ट कंट्रोल सी, म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ, कोरलमध्ये कंट्रोल क्यू. त्यानंतर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून आधी दोन जणांना वाचायला द्या आणि बदलता येणारी एक कॉपी स्वतःकडे ठेवा. "श्री" आणि "रवळनाथ" नीट लिहिलंय का ते वाडीतल्या एखाद्या गुरुजींना दाखवून घ्या, शंभर शर्टांवर चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ वर्षभर ऐकवला जातो.

फॉन्ट गुगलवरचे ओपन लायसन्सवाले घ्या, विकायच्या मालालाही चालतात. मोदक हा गुबगुबीत, गणपतीला मस्त. यात्रा वन हा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला, चाकरमान्यांच्या शर्टाला तोच शोभतो. बालू २ सगळीकडे चालतो, थोडा जास्तच चाललाय. पण शंकासुराच्या खाली मला तरी हाताने लिहिलेलं आणि ट्रेस केलेलं अक्षरच आवडतं.

काळ्या शर्टाची गंमत

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. शंकासुर काळा, शर्ट काळा घेतला तर काळा रंग छापायचाच नाही! शर्टाचं कापडच त्याचा अंगरखा. तीनच्या दोन फ्रेम झाल्या, पैसे वाचले आणि छातीवर रंगाचा जाड पत्रा बसत नाही, शिमग्यात नाचून घामाघूम झाल्यावर ते कळतं.

पण त्यासाठी चित्राचा उलटा विचार करायला लागतो. काळी रेघ पांढऱ्यातून कापून काढायची: पांढरा आकार खाली, काळी रेघ वर, दोन्ही सिलेक्ट, पाथ मेनूत डिफरन्स, कंट्रोल वजा. लालाचंही तसंच, आणि एका वेळी एकच रंग, आधी काळ्याची कॉपी करून ठेवा कारण ती वापरून संपते. मागे काळा चौकोन टाकून बघा. अंगरख्याची बाहेरची कड आता शर्टात विरून गेली असेल, तिथे कुठेकुठे पांढरी बारीक कड द्या, सगळीकडे नको, एका बाजूने होळीचा उजेड पडल्यासारखी.

लाल शाई सरळ काळ्या कापडावर मारली तर विटकरी-मळकट दिसते, म्हणून लालाखालीही पांढरा लागतो, त्याला अंडरबेस म्हणतात. म्हणजे पांढऱ्या फ्रेममध्ये पांढऱ्याचे आकार अधिक लालाचे आकार, सगळं युनियन करून, म्हणजे जोडून एकच आकार करून, कंट्रोल अधिक. मग वरच्या लालाला साधारण ०.३ मिलिमीटर बाहेर फुगवा, त्याच लाल रंगाचा ०.६ मिलिमीटरचा स्ट्रोक (कडेची रेघ) दिला की निम्मा बाहेर जातो, आणि स्ट्रोक टू पाथ करून युनियन. हे केलं नाही तर लालाच्या कडेने पांढरी किनार डोकावते, आणि एकदा दिसली की नजर तिथेच जाते.

रेघ कितीही छान असो, ०.३५ मिलिमीटर म्हणजे एक पॉइंटपेक्षा बारीक ठेवू नका, आणि पांढऱ्यातून कापलेली काळी फट त्याहून जाड ठेवा, कारण शाई पसरते आणि फट बुजते. फिल्मसाठी दोन पानं काढा, एकावर पांढऱ्याचा आकार, एकावर लालाचा, दोन्ही शंभर टक्के काळ्यात, आणि चारी कोपऱ्यांना एकाच जागी रजिस्ट्रेशनची, म्हणजे दोन रंग जुळवायची, + अशी खूण. पावसाळ्यात काम असेल तर प्रिंटरला दोन-चार दिवस जास्त द्या. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रेमवरचा लेप (इमल्शन) सुकायला वेळ घेतो, डीटीएफची पावडरही ओल धरून गुठळ्या होते, त्यात लाईट गेली की संपलं.

डीटीएफ आणि रेडियमसाठी थोडं वेगळं

डीटीएफला व्हेक्टरमधून पारदर्शक पीएनजी काढून द्या, छापील साईजला ३०० डीपीआय. अर्धपारदर्शक काही ठेवू नका, कडेला विरत जाणारी मऊ सावली, ग्लो वगैरे, त्याखालीही मशीन पांढरा मारतं आणि भोवती पांढरट प्रभा येते. केसाएवढ्या सुट्या रेघाही नकोत, दोन-चार धुण्यात सुटतात.

रेडियमवाल्याच्या प्लॉटरला फक्त बंद पाथ समजतात. एकावर एक आलेले आकार तो दोन्ही कापतो, म्हणून युनियन करा. स्ट्रोक असतील तर स्ट्रोक टू पाथ, कंट्रोल ऑल्ट सी. आउटलाइन व्ह्यूमध्ये जे दिसतं तिथे तिथे ब्लेड फिरणार, एवढं लक्षात ठेवा. कापल्यावर नको असलेलं व्हिनाईल माणूस पिनेने सोलत बसतो, त्यामुळे दाढीचे सुटे केस एकत्र जोडून जाड बटा करा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा लहान बेटं काढून टाका. होडीवर किंवा बाईकवर लावायचं तर हे दुप्पट महत्त्वाचं, खारी हवा आणि पाणी आधी टोकदार बारीक कोपऱ्यातूनच शिरतं, म्हणून बाहेरची टोकं किंचित गोल करा. छापील स्टिकर असेल तर कापायच्या रेघेबाहेर २-३ मिलिमीटर रंग जास्त सोडा, व्हिनाईलवर घ्या आणि लॅमिनेशन करा. कागदी स्टिकर आपल्या पहिल्या पावसात लोळतो.

फाईल देताना

फोनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट उतरतो, कारण छपाईच्या चार शाईत तो रंगच नाही. सीएमवायकेत, म्हणजे या चार शाईंच्या मापात, निळा ठेवायचा तर मॅजेंटा (गुलाबी शाई) सायनपेक्षा (आकाशी शाई) किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. इंकस्केप मुळात आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, काम करतं, त्यामुळे कोरलमध्ये उघडल्यावर रंग प्रिंटरकडच्या शेडकार्डवर बोट ठेवून ठरवा. स्क्रीन प्रिंटिंगला तर हेच बरं, तिथे शाई डब्यात मिसळूनच होते.

पीडीएफ द्या आणि सोबत प्लेन एसव्हीजी, म्हणजे साधी व्हेक्टर फाईल. ब्लर, मास्क, क्लिप असलं काही उरू देऊ नका, कोरल ते कधी उडवतो कधी पिक्सेल करतो. साईजचा घोळ एसव्हीजीत हमखास होतो, कारण इंकस्केपच्या जुन्या फाईली ९० डीपीआयच्या आणि ०.९२ व्हर्जनपासून ९६ च्या, त्यामुळे ११ इंचाचं चित्र कधी किंचित मोठं उघडतं कधी लहान. म्हणून पानाच्या कोपऱ्यात बरोबर १० सेंटिमीटरची रेघ काढून शेजारी तसं लिहा, प्रिंटर मोजून जुळवेल. फाईलच्या नावात साईज, रंग आणि शर्टाचा रंग घाला, "फायनल", "फायनल नवीन", "एकदम फायनल" अशी नावं असतील तर चुकीचीच छापली जाणार.

फिल्म काढायच्या आधी साध्या प्रिंटरवर खऱ्या साईजला कागदावर काढून तो कागद शर्टावर धरा, दहा फूट लांब जाऊन बघा. बऱ्याचदा चित्र खूप खाली, पोटावर येतं. गळ्याच्या शिवणीपासून साधारण तीन इंच खाली सुरुवात बरी दिसते, लहान पोरांच्या शर्टांना दोन. लहान मापांसाठी डिझाईन आठ इंचाचं वेगळं करून घ्या, म्हणजे वेगळी फ्रेम, पण तेव्हा बारीक रेघा परत मोजा, ११ इंचाला अर्ध्या मिलिमीटरची असलेली रेघ ८ इंचाला एक पॉइंटवर येऊन ठेपते. मग एक शर्ट छापून घ्या, चोवीस तास थांबा, उलटा करून साध्या साबणाने धुवा, वाळल्यावर दोन्ही हातांनी छाती ताणून बघा. रंगाला तडे गेले तर शाई नीट तापवलेली नाही, तसं सांगा, आणि तो शर्ट हातात घेऊनच बाकीच्यांची ऑर्डर पक्की करा.